अंगावरचं मीठ

लातूर जिल्हा नवा झाला, त्या दुष्काळात मी कचेरीत लागलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. टेबलावरचं काम मला शिकवलं ते पाण्याच्या टँकरचा तक्ता ठेवणाऱ्या एका वडीलधाऱ्या कारकुनांनी. पिण्याचा पेला ते नेहमी अर्धाच भरून घेत. मी चुकलो की म्हणत, "लई घाई करायलास." त्यांचा राग तेवढाच.

एका वर्षी रजा काढून, ते धरून कचेरीतले आम्ही चौघं अंदमानला गेलो. दिवसभर शिडाच्या होडीतून बेटामागून बेट बघत फिरलो. आम्ही समुद्र बघायचो. ते उतरल्या उतरल्या विहीर शोधायचे.

तिसऱ्या बेटावर नावाड्याचं घर होतं. खाऱ्या पाण्यानं आमची अंगं पांढरी पडली होती. त्यानं आडातून गोड्या पाण्याच्या बादल्या काढून दिल्या. आम्ही तिघं भडाभडा पाणी ओतून घेऊ लागलो. ते मात्र अंग खाजवत ओसरीवरच बसून राहिले.

नावाड्याचा चेहरा उतरला. "बाबूजी, हमारे घर का पानी नहीं चलता क्या?"

ते गडबडून उठले. कधी नव्हे तो काठोकाठ पेला मागून घेतला आणि त्याच्यासमोर एका दमात प्यायले. मग हळूच म्हणाले, "चलता है, भाई. पीने का पानी बदन पे डालने को हाथ नहीं उठता."

माझ्यापुढची दुसरी बादली अजून भरलेली होती. ती उचलून मी नावाड्याच्या रांजणात ओतायला लागलो.

"दमानं," ते मागून म्हणाले. "सांडू नको."