सईच्या नावाची तालीम

माझ्या नवऱ्याच्या मामांनी एखादं काम मनावर घेतलं आणि ते सुरळीत पार पडलं, असं अख्ख्या लालबागमध्ये आजवर कुणी पाहिलेलं नाही. चाळीच्या गणपतीतली नाटकं वर्षानुवर्षं त्यांनीच बसवली, त्यामुळे तालमीशिवाय जगात काही करूच नये, हा त्यांचा बाणा. मुलगी बघायला जायचंय? तालीम! गॅसवाल्याशी भांडायचंय? तालीम! माझ्या लग्नात अंतरपाटामागून ‘मान खाली, हार वर’ असं प्रॉम्प्टिंग करणारा हाच माणूस.

म्हणून सईचा अपंगत्वाचा दाखला काढायचं ठरलं, तेव्हा मी घरात बजावलं होतं, मामांना कळता कामा नये. माझ्या सईला ऑटिझम आहे. सात वर्षांची झाली, पण मी तिच्या तोंडून अजून ‘आई’ ऐकलेलं नाही. दाखल्यावर अपंगत्वाचे पुरेसे टक्के पडले तरच सरकारची मदत मिळणार आणि तिची थेरपी चालू राहणार. पण चाळीत गुपित राहतंय कुठे? मामा हजर! “सरकारी डॉक्टरसमोर पोरगी कशी नीट दिसाक व्हयी! माझ्यार सोड गो.” मग रोज संध्याकाळी गॅलरीत सुरू, “नमस्कार कर. नाव काय?” सई आपली डब्याचं झाकण गरागरा फिरवत बसलेली. म्हटलं, करू दे म्हाताऱ्याला हौस.

तपासणीला हे महाशय कडक इस्त्रीचा सदरा घालून आमच्या पुढे. डॉक्टरबाईंनी विचारलं, “बाळ, नाव काय तुझं?” मी उत्तर देणार, एवढ्यात सईने हात जोडले, बाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि खणखणीत म्हणाली, “सई!” जन्मात पहिल्यांदा! मी तिथेच ढसाढसा रडायला लागले, मामांनी टाळी वाजवली आणि बाई म्हणाल्या, “अरे वा, बरीच सुधारणा दिसते.” झालं! टक्के कमी पडले, मदत गेली.

घरी येऊन मी मामांना वाट्टेल ते बोलले. “तुमच्या नाटकापायी माझ्या पोरीची थेरपी गेली!” मामा एवढंच म्हणाले, “चुकला माझा.” त्या दिवसापासून तालीम बंद.

मी अर्ज करून मिळवलेल्या फेरतपासणीला मामा आले नाहीत. सईने हात जोडले नाहीत की तोंड उघडलं नाही. टक्के पुरेसे पडले, थेरपी चालू झाली, सगळं अगदी सुरळीत. फक्त नाव तिने पुन्हा सांगितलेलं नाही.

काल शेवटी मीच तिचं बोट धरून मामांच्या दारात उभी राहिले. “मामा, रुसवा पुरे. तालीम कधीपासून?”

मामा चष्मा पुसत राहिले. “आणि टक्के गो?”

“ते माझं मी बघेन,” मी म्हटलं. “तुम्ही तिला नाव विचारा.”