सांगली गाडीनं येणारा पॅच

चुका काढायला मला लहानपणापासून आवडतं. घरात लग्नाची पत्रिका आली की मी आधी शुद्धलेखन बघायचे, मग तारीख. त्यामुळे कॉलेजातल्या मित्रानं आपला पॅच, म्हणजे प्रोग्रॅममधली दुरुस्ती, मला तपासायला दिला, यात नवल नव्हतं. नवल हे, की मी तो दीड महिना अडकवून ठेवला.

ही नव्वदीच्या अगदी शेवटची गोष्ट. सांगलीला इंजिनिअरिंग संपवून मी साताऱ्याला घरी परतले होते आणि एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. तो तासगावचा. तिथल्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या शेडमध्ये त्यानं लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर बसवला होता आणि वजनकाट्याची वायर यूएसबीला जोडली होती. ती वायर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात हमखास अडकायची. निसटली की आख्खा कॉम्प्युटर गोठायचा. काट्याशी बोलणारा ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, कर्नलमधला, तेवढा तुकडा, काटा आता जोडलेला नाही हे मानायलाच तयार नसायचा. एरर आली की पुन्हा विचारणा, पुन्हा एरर, पुन्हा विचारणा. "हाका मारत बसतंय बघ येडं," तो म्हणायचा.

यावर त्यानं दुरुस्ती लिहिली. उपकरण निघालंय हे ओळखायचं, विचारणा थांबवायची, वाटेत असलेल्या विनंत्या परत येऊ द्यायच्या आणि मगच मेमरी मोकळी करायची. एवढ्याचाच तो पॅच, चार पानांचा. बंगळूरच्या एका कंपनीनं त्याला सांगितलं होतं, तुझा पॅच कर्नलमध्ये गेला की नोकरी पक्की. पण आधीच्या एका पॅचवर कर्नल सांभाळणाऱ्या, ईमेलच्या मेलिंग लिस्टवरच्या मंडळींनी त्याची बिनपाण्यानं केली होती. म्हणून आता मी 'ठीक' लिहून दिल्याशिवाय तो पाठवणार नव्हता.

मी स्क्रीनवर तपासत नाही, कागदावर तपासते, असं मीच ठणकावलं होतं. मग तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायचा, सांगलीहून सुटणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे पाकीट द्यायचा आणि फोन करून गाडीची वेळ कळवायचा. मी अर्धा तास आधीच स्टँडवर.

"घ्या ताई, आलं तुमचं पाकीट," ड्रायव्हरमामा म्हणायचे. "कोर्टाचं काम हाय व्हय?"

"न्हाई मामा, चुका हायत."

पहिल्या पाकिटातली चूक खरीच होती. विनंती परत यायच्या आत त्यानं मेमरी मोकळी केली होती. दुसऱ्यातलीही खरी. कोडच्या एका वाटेवर लावलेलं लॉक काढायचं राहिलं होतं. तिसऱ्या खेपेला पॅच चोख होता. मी तो तीनदा वाचला. मग लाल पेन उचललं आणि लिहिलं, या व्हेरिएबलचं नाव बदल, अर्थ लागत नाही. चौथ्या वेळी लिहिलं, कॉमेंट अपुरी आहे. पाचव्या वेळी, आधीचं नावच बरं होतं. तो बापडा सगळं निमूटपणे करत होता. कागदांबरोबर मूठभर बेदाणेही यायला लागले होते.

खरं सांगते, मला तो हवा होता. चार वर्षं एका बाकावर बसून ते सांगायची माझी छाती झाली नाही. पॅच गेला की तो बंगळूरला जाणार, आणि मग कुठली गाडी आणि कुठलं पाकीट.

पाचव्या वेळचे कागद टेबलावर पसरलेले वडिलांनी पाहिले. ते सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले.

"हे नाव बदलायला तूच सांगितलंवतंस न्हवं?"

"व्हय."

"चूक नसताना चूक काढणारं सायब आमी किट इन्स्पेक्शनला लय बघितल्यात. जवान सॅल्यूट ठोकत्यात, पर मनातनं उतरतंय त्ये."

मला भयंकर राग आला, कारण ते खरं होतं. त्याच दुपारी मी ती लाल ओळ खोडली, शेवटच्या पानावर 'ठीक' लिहिलं आणि सांगलीच्या गाडीत पाकीट दिलं.

दोन दिवसांनी गाडीतून पाकिटाऐवजी तोच उतरला. आम्ही स्टँडच्या कँटीनमध्ये बसलो. त्यानं तेच चार कागद माझ्यापुढं ठेवले.

"अजून पाठवला न्हाई. एकदा शेवटचं बघ. काय राहिलं असंल तर सांग, मी थांबतो."

मी ओळ न् ओळ वाचली. चहा गार झाला. तो कागदाकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. मला मात्र वडिलांचे शब्द आठवून त्याच्यापुढं खरी तपासनीस व्हायचं होतं. एकही चूक नव्हती.

"काही राहिलेलं नाही," मी म्हटलं. "पाठव."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं कागदांची घडी खिशात घातली आणि परतीच्या गाडीची चौकशी करायला उठला. गाडी लागलेलीच होती. मी शहाण्यासारखा हात हलवला. आपला पॅच बिनचूक आहे हे त्याला 'ठीक' वाचूनच कळलं होतं, तेवढ्यासाठी कुणी सांगलीहून साताऱ्याला येत नाही, हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा गाडी साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या पुढं गेली होती.