शिंदीच्या रानात लागलेला चकवा

नवरा गेल्यानंतर दोन वर्षं मी मातामायच्या ठाण्यावर गेले नव्हते. आमच्या गावाच्या शिवेवर कडुनिंबाखाली शेंदूर लावलेले पाच दगड आहेत, तीच आमची मातामाय. यांच्या तापात मी रोज तिथं दिवा लावला, नारळ बोलले, आणि तरी पाचव्या दिवशी ते गेले. त्यानंतर त्या वाटेनं जायची वेळ आली की मी मान वळवून पुढे निघून जाई. कोणाशी भांडले नाही. आतून मात्र ठरवून टाकलं होतं की आता आपलं आपणच बघायचं, कोणापुढे पदर पसरायचा नाही. हे मी काही अभिमानानं सांगत नाही. पण पुढे जे घडलं ते याशिवाय सांगता येणार नाही.

मी शिंदीच्या पानांच्या चटया विणते. दरेकसा स्टेशनापासून पायी अर्ध्या तासावर आमचं गाव, आणि त्याच्या मागे लगेच डोंगर आणि जंगल. हे होते तेव्हा नाल्याकाठची शिंदी तोडून आणणं त्यांचं काम आणि विणणं माझं. आता तोडणं, वाळवणं, पाती चिरणं, रंगवणं, विणणं, मोबाईलवर फोटो टाकणं आणि पार्सल बांधून गाडीत चढवणं, सगळं मी एकटीच करते. त्या फाल्गुनात नागपूरच्या एका ताईंनी त्यांच्या ध्यानवर्गासाठी बारा आसनं मागितली. एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. मुलगी गोंदियाला असते. ती सारखी म्हणायची, "आई, एकटी काऊन राहतेस तिथं? कुलूप लाव आणि इकडे ये." हे काम वेळेत झालं नाही तर कुलूप लावून येते, असा शब्द मी तिला देऊन बसले होते.

म्हणून त्या दिवशी मी नेहमीपेक्षा लांब गेले. नाल्याच्या वरच्या अंगाला कोवळी, लांब पातीची शिंदी मिळाली. दुपारपर्यंत भरपूर तोडली, वेलीनं भारा आवळला आणि डोक्यावर घेऊन परत फिरले. घरची वाट मोहाच्या झाडांखालून जाते. ती मी शेकडो वेळा चाललेली आहे. पण चालता चालता समोर एक वारूळ आलं, माझ्या खांद्याएवढं, वरून दोन फाटे फुटलेलं. असं वारूळ या वाटेवर कधी पाहिलं नव्हतं. चुकले वाटतं, असं म्हणून मी डावीकडे वळले. बरीच चालले आणि पुन्हा तेच वारूळ. मग उजवीकडे गेले, नाल्याचं पात्र धरून उतरले, तरी तेच वारूळ. त्याच्या पायथ्याशी धुळीत माझ्याच चपलांचे ठसे होते, एकावर एक.

चकवा म्हणतात तो हाच, हे मला कळलं. जुन्या बाया सांगत, चकवा लागला की चपला उलट पायात घालाव्यात. तेही केलं. काही झालं नाही. शेवटी गाडीच्या आवाजावरून रूळ कुठे ते समजेल म्हणून कान देऊन उभी राहिले. शिट्टी वाजली, पण ती डोंगराच्या बाजूनं आली, जिकडे रूळच नाहीत. थोड्या वेळानं दुसरी वाजली, ती माझ्या पाठीमागून. त्यानंतर रानात कसलाच आवाज उरला नाही. पाखरू नाही, वारा नाही.

तेव्हा ती दिसली. वारुळाच्या पलीकडे एक म्हातारी बाई पाठमोरी वाकून काहीतरी वेचत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, केस पिंजलेले. वळून न पाहताच ती म्हणाली, "काऊन फिरून राहिलीस वं?"

"वाट नाही सापडून राहिली, मावशी."

"भारा टाक."

"कायले टाकू? माझं काम थांबून राहिलं आहे याच्यासाठी."

"त मंग फिर," ती म्हणाली आणि पुन्हा वेचू लागली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, मायाही नव्हती. मला मात्र राग आला. मी भारा घट्ट धरून निघाले. यावेळी एकदाही वळायचं नाही, सरळ नाकासमोर चालायचं, असं ठरवून चालले. मान भरून आली, घसा कोरडा पडला. आणि वारूळ समोर आलं. ती तिथंच होती, तशीच पाठमोरी.

मी भारा खाली टाकला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "माय, आता तूच बघ." दोन वर्षांत मी मातामायला पहिल्यांदा हाक मारली होती. म्हातारी सरळ झाली आणि चालायला लागली. मी तिच्या मागे गेले. खाली सागाच्या वाळल्या पानांचा थर होता, माझ्या प्रत्येक पावलाला चुरचुर वाजत होता. दहा हातांवरून ती चालत होती आणि तिच्या पावलांचा आवाज येत नव्हता. हे ध्यानात आल्यावर मी तिच्याकडे बघणं सोडलं आणि तिच्या सावलीवर नजर ठेवून चालत राहिले. रुळांचा चढ आला तेव्हा पाय घसरू नये म्हणून खाली बघितलं. वर येऊन पाहते तर मी एकटीच होते. ऊन उतरलं होतं, आणि स्टेशन समोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बुधरामकाकांना घेऊन मी भारा शोधायला गेले. काका जन्मभर मोहफुलं वेचत आलेले, त्यांना सगळं रान पाठ. मोहाखालच्या घरच्या वाटेवर ते थांबले आणि काठीनं माती दाखवली. मोठे नखांचे ठसे होते, सोबत लहान लहान. "अस्वल," ते हळूच म्हणाले. "दोन पिलं संगं आहेत. काल दिवसभर येथीच बसून होती. या वाटंनं आली असतीस, पोरी, त आज आम्ही तुलेच शोधाले आलो असतो."

जी वाट मला काल कुणी सापडू देत नव्हतं, ती हीच होती.

वारूळ आम्हाला सापडलं नाही. भारा सापडला, पण तो भारा राहिला नव्हता. एका सपाट खडकावर पानं पसरलेली होती, एकाशेजारी एक, पाठ वर आणि पोट खाली, देठ सगळे एका बाजूला. विणणारी बाई वाळत घालते तशी. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तूच घातलीस काय?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

परतताना मी मातामायपाशी थांबले. मागायला काही सुचलं नाही, माफीसुद्धा नीट मागता आली नाही. कपाळ दगडाला टेकवलं तर दगड गार लागला, तेवढं आठवतं. आसनं वेळेत झाली. ती पानं मी वेगळी ठेवली नाहीत, बाकीच्यांत मिसळली. कुठल्या आसनात ती गेली हे आता मलाही सांगता येणार नाही. डोळे मिटून कोणीतरी त्यावर बसत असेल, एवढंच. त्या ताईंनी नंतर आणखी काम दिलं, आणि मुलगीही आता कुलपाचं नाव काढत नाही.

लोक विचारतात, ती कोण होती? मला ठाऊक नाही, आणि ठरवायचाही हट्ट नाही. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की माझी हाक वाया गेली. अडलेली वाट हेही कधी कोणाचं तरी उत्तर असतं, हे मला माहीतच नव्हतं. परवा पुन्हा शिंदी आणायला गेले असताना नाल्याच्या वळणावर पाय अडले. कारण काही दिसत नव्हतं. मी भारा उतरवून त्याच्या शेजारी बसले आणि बसूनच राहिले. बऱ्याच वेळानं पाय मोकळे झाले, तशी उठून घरी आले. वळणापलीकडे काय होतं ते मी बघायला गेले नाही.