आत्याबाईंनी सोडलेला पट्टा

खिडकीची वरची काच लख्ख झाली होती. खालच्या काचेला साबण फासून सूनबाई फडक्याची घडी बदलत होती, तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. आत्याबाई उठल्या, टेबलाची कड धरली, "डावा कोपरा राहिला" एवढं बजावलं आणि जमिनीवर कोसळल्या. शुद्धीवर आल्यावर मात्र त्यांनी ठणकावून सांगितलं, की मी पडले नाही, मी बसले.

या आत्याबाई म्हणजे सूनबाईच्या सासऱ्यांची बहीण. लग्न केलं नाही. लायकीचा माणूस भेटला नाही असं त्या सांगत. न भेटलेल्या त्या माणसाचं नशीब थोर म्हणायचं. आयुष्य मुलींच्या शाळेत गेलं आणि शेवटची बरीच वर्षं त्या मुख्याध्यापिका होत्या. मुली त्यांना पाठीमागे 'हेडबाई' म्हणत. नखं, रिबिनी, रुमालाची घडी, वहीचं कव्हर, दुसऱ्याचं काही म्हणजे काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्त झाल्यावर तपासायला शाळा उरली नाही, तेव्हा त्यांनी भाच्याचं घर तपासायला घेतलं. डब्यांची झाकणं, चादरीच्या कडा, सूनबाईचे केस. घरात देवापुढे बसायच्या त्याही परीक्षेला बसल्यासारख्या: ताठ, धुतलेल्या कपड्यांत, पेला उजवीकडे, आसन भिंतीला समांतर. त्या बसल्या की घरात भांडं वाजायचं नाही. सूनबाईचा देव भांडी घासतानाही तिच्याशी बोलायचा, पण असल्या देवाला आत्याबाईंच्या लेखी काही दर्जा नव्हता.

तर या बाई दोन वर्षं पांढऱ्या फटक पडत चालल्या होत्या. जिना चढताना मधेच थांबायच्या आणि कठडा धुळीने भरलाय म्हणून थांबले, असं सांगायच्या. घरातल्या शहाण्यांनी आपापली अक्कल पाजळली. नणंदेने फोनवरून निदान केलं, की तुम्ही आत्याला धड खायला घालत नसाल. नवऱ्याने वर्तमानपत्राच्या आडून "वय झालंय तिचं" एवढं योगदान दिलं आणि पान उलटलं. घरचे डॉक्टर तर धन्यच. नाडीवर बोट ठेवायचं, लोहाच्या गोळ्या लिहायच्या, पुढचा पेशंट. टाकी रिकामी होतेय म्हटलं की हे गृहस्थ वरून पाणी ओतणार. भोक कुठे आहे हे विचारण्याची तसदी कोण घेतो? एकदा संडास घासताना सूनबाईला भांड्याच्या कडेला डांबरासारखं काळं दिसलं होतं. तिने जाऊन डॉक्टरांना सांगितलं. लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच, असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं. बाईमाणसाला काय कळतंय, हे तोंडाने म्हणाले नाहीत, चेहऱ्याने म्हणाले.

या वेळी मात्र पडल्यावर थेट मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. रक्ताच्या पिशव्या लागल्या. तोंडातून नळी घालून जठर पाहिलं, खालून नळी घालून मोठं आतडं पाहिलं. कुठेही काही नाही. आत्याबाईंना हे पहिल्या नंबराचं प्रगतिपुस्तक वाटलं. भेटायला येईल त्याला सांगायच्या, वरूनही स्वच्छ, खालूनही स्वच्छ.

पोटाची डॉक्टर तरुण होती आणि तिला आत्याबाईंची भीती वाटत नव्हती, हा तिचा पहिला गुण. तिने विचारलं, शौचाला काळं होतं का?

"तसलं मी बघत नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"कधीच नाही?"

"सभ्य बाई पाणी ओतते आणि बाहेर येते."

शेकडो मुलींची नखं उलटीपालटी करून पाहणारी बाई! सूनबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग तिनेच डॉक्टरला डांबराचं सांगितलं. आत्याबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांचं कपाट भर रस्त्यात उघडलं.

डॉक्टरने कागदावर वेटोळी काढून दाखवली. जठर आणि मोठं आतडं यांच्या मधे लहान आतडं आहे, लांबच लांब, आणि त्या दोन्ही नळ्या तिथवर पोचत नाहीत. त्याच्या आतल्या अस्तरात कधीकधी बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांचे पातळ कवचाचे झुबके होतात. ते झिरपतात, आपोआप थांबतात, पुन्हा झिरपतात. दुखत नाही, म्हणून कळत नाही. हृदयाची झडप अरुंद झालेल्या म्हाताऱ्या माणसांत असं पुष्कळदा आढळतं, आणि आत्याबाईंची झडप तशीच होती. जागा सापडली तर लांब नळी घालून आतूनच डाग देऊन बंद करता येईल. नाही सापडली आणि पुन्हा जोरात रक्त गेलं, तर पोट उघडावं लागेल. या झडपेवर भूल द्यायची म्हणजे, असं म्हणून डॉक्टर थांबली. पुढचं आत्याबाई, सूनबाई आणि तिचा नवरा, तिघांनाही कळलं.

उपाय होता कॅमेऱ्याची गोळी. लोहाच्या गोळ्या आधीच बंद केल्या, पोट साफ केलं आणि आत्याबाईंनी ती गोळी गिळली, तीही दवाखान्यावर उपकार केल्यासारखी. कमरेला पट्टा बांधला, त्याला लुकलुकणारं लहान यंत्र. गोळी आतून चित्रं पाठवणार, पट्टा ती झेलणार. संध्याकाळपर्यंत पट्टा सोडायचा नाही, हे तिथल्या मुलीने दोनदा सांगितलं. शाळेत एकदा सांगितलेलं पुरे असतं, असं ऐकवून आत्याबाई घरी आल्या. घरात पाऊल टाकताच त्यांना खालची काच दिसली. साबण वाळून तिच्यावर पांढरे ओघळ बसले होते. माणूस मरायला टेकला तरी या घरात काच पुसली जात नाही, असं त्या म्हणाल्या.

पुढच्या भेटीला डॉक्टरचा चेहरा त्रासिक होता. आतड्याच्या खालच्या भागात जुनं काळं रक्त दिसत होतं. म्हणजे ते वरून कुठून तरी येत होतं. पण नेमका वरचा तुकडा नव्हताच. चित्रं मधेच बंद पडली होती आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाली होती.

"पट्टा कोणी सोडला होता का?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. घरात काही बिघडलं की पाहायची त्याची ती ठरलेली जागा.

"मी सोडला," आत्याबाई म्हणाल्या. "देवापुढे बसले होते. आदल्या रात्रभर जुलाब, आणि त्यावर कोणाकोणाच्या पोटाला लागलेला तो पट्टा. तसलं बांधून देवापुढे बसायचं?"

लाज नाही, खंत नाही. उलट डॉक्टरला एवढी साधी रीत कळू नये, याचंच त्यांना नवल वाटत होतं. सूनबाई इतकी वर्षं गिळत आली होती, ते सगळं एकदम वर आलं. तरी तिचा आवाज चढला नाही.

"आत्याबाई, देवाला तो पट्टा चालला असता. तुमच्या आत काय चाललंय ते त्याला ठाऊकच आहे. चालला नाही तो तुम्हाला."

नवरा खोकला. आत्याबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. घरी आल्यावर दारात चपला काढताना म्हणाल्या, "पुन्हा कधी गिळायचीय ते विचारून घे."

दुसऱ्या वेळी त्या पट्ट्यासकट देवापुढे बसल्या. लुकलुकणाऱ्या दिव्यावर पदर ओढलेला आणि पाठ अशी ताठ, जणू शाळा तपासायला वरचे साहेब आलेत. सूनबाईने मुद्दाम त्याच वेळी भांडी घासली. आत्याबाईंनी मान वळवली नाही.

या खेपेला चित्रं अखंड आली. डॉक्टरने पडदा त्यांच्याकडे वळवला. ओली, गुलाबी, सुरकुतलेली भिंत सरकत होती. मग डाळीच्या दाण्याएवढा लालभडक डाग आला, भोवती कोळ्याच्या पायांसारख्या रेघा. पुढे आणखी एक, आणि त्यातून रक्ताचा दोरा निघालेला. सूनबाईला वाटलं, या आता डोळे मिटणार. पण आत्याबाई पडद्याजवळ सरकल्या आणि ज्या नजरेने त्या मळकी कॉलर बघायच्या, त्याच नजरेने त्यांनी ते डाग पाहिले.

"एवढंसं?" त्या म्हणाल्या. "एवढ्याशासाठी मी पडले?"

बसले नाही, पडले. सूनबाईने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

लांब नळी घालून दोन्ही डागांना चटका दिला. पोट उघडावं लागलं नाही. नवऱ्याने फोनवर बहिणीला सांगितलं, की मला पहिल्यापासून आतड्याचीच शंका होती. घरच्या डॉक्टरांनी अहवाल वाचून मान हलवली, जणू तो त्यांनीच लिहिला होता. पोटाच्या डॉक्टरने मात्र बजावलं, की असे झुबके नवेही होतात. अधूनमधून रक्त तपासायचं, शौच तपासायचं, आणि रोज पाणी ओतण्याआधी बघायचं.

एके सकाळी सूनबाई स्टुलावर चढून पुन्हा काचा पुसत होती. आत्याबाई आल्या. हातात प्लॅस्टिकची डबी, दोन पिशव्यांत बांधलेली. वर चिठ्ठी, मोत्यासारख्या अक्षरात, नावाखाली पट्टीने रेघ.

"मी बघितलंय. तपकिरी आहे," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "सरळ धर, हलवू नकोस. आणि डावा कोपरा राहिलाय."

कोपरा राहिला तो राहिलाच. सूनबाईने फडकं खिडकीत टाकलं, हात पुसले आणि चपला घातल्या. तिला आत्याबाईंची शौचाची डबी लॅबमध्ये पोचवायची होती.