सुभेदारमामांचा अंगठा आणि सातूचं औषध

माझ्या लग्नात पहिला आहेर मिळाला तो मामांच्या लाथेचा, आणि तोही पाया पडताना.

मामा पलटणीतले सुभेदार. दुसरं महायुद्ध संपवून आले ते पोट घेऊन! काय ते पोट! कमरेचा पट्टा त्याच्याखाली कुठेतरी असावा, असा आमचा आपला अंदाज. आमच्या मलकापुरातल्या बायका त्यांची दृष्ट काढत, पैलवान वाकून रामराम घालत. मला मुलगी मिळाली तीसुद्धा या पोटाच्याच पुण्याईवर. कवठे महांकाळचे माझे सासरे कट्टर माळकरी. मला बघून त्यांचा चेहरा पडला (मी शाळामास्तर, वाऱ्यात छत्री उघडायची मला भीती वाटे). मग त्यांनी मामांकडे पाहिलं.

"काडी हाय, पर मामाच्या वळणावर गेला तर भरंल," म्हणाले आणि सुपारी फुटली.

या तब्येतीचं रहस्य म्हणजे मामांची बाटल्यांची पेटी. आईनं विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "सातूचं औषध हाय, आक्का." (खोटं कसं म्हणणार? बियर सातूचीच असते!) आईनं बोटभर चाखून पाहिलं.

"लय कडू! म्हंजी औषधच."

लग्नाच्या आठवड्यात मामांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. लालबुंद, वांग्याएवढा! धोतराचं टोक लागलं तरी सुभेदार कळवळत. जर्मनाची गोळी आत राहिली असणार, असं गावानं ठरवलं. मामांनीही नाही म्हटलं नाही. आईनं औषध वाढवलं. अंगठा वाढला. मग तिनं औषध आणखी वाढवलं!

लग्न आमच्याच दारात होतं. बोहल्यावर चढण्याआधी नवरदेवानं मामाच्या पायावर डोकं ठेवायचं.

"नुसता वाकू नगं, कपाळ टेकीव!" आई मागून ओरडली.

मी टेकवलं. बाशिंगासकट! बाशिंगाची कड नेमकी अंगठ्यावर बसली. मामांनी अशी डरकाळी फोडली की हलगी बंद पडली, आणि पायाच्या झटक्यासरशी मी उडालो तो थेट सासऱ्यांच्या मांडीत.

"गोळी सरकली जणू!" सासरे कळवळले. वऱ्हाडात कऱ्हाडचे एक डॉक्टर होते, त्यांना सासऱ्यांनीच हाताला धरून आणलं. डॉक्टरांनी अंगठा पाहिला, पोट पाहिलं.

"सुभेदार, रोज बियर किती घेता?"

पलटणीतल्या माणसाला डॉक्टरपुढे खोटं बोलता येत नाही. मामा ताठ झाले. "पाच-सा बाटल्या, साब!"

"मग गोळी कशाला हवी? रोज इतकी बियर प्यायल्यावर रक्तात आम्ल साठतं, सांध्यात त्याचे खडे होतात. हे पोटही ताकदीचं नाही, बियरचंच आहे. असंच चाललं तर यकृतही जाईल."

सासऱ्यांनी गळ्यातली माळ घट्ट धरली. "बियर म्हंजी दारूच की! दारूच्या घरात पोर देत न्हाई मी. गाड्या जुपा रं!"

मुलगी मी एकदाच पाहिली होती, पण मनापासून आवडली होती. रडूच यायला लागलं.

तेवढ्यात मामा उठले. त्याच पायावर! काठी बाजूला टाकली आणि सासऱ्यांपुढं हात जोडले. "पावनं, प्यालो त्यो मी. भोगतोय त्योबी मीच. आजपासनं थेंब घेतला तर ह्या अंगठ्यावर बैलाचा पाय पडू द्या. पर पोराला का शिक्षा? जल्मात थेंबाला शिवल्याला न्हाई त्यो! चला, मंगळाष्टका म्हना. नवऱ्याच्या मागं मामानं हुबं ऱ्हायाचं असतंय, मी हुबा हाय."

सासरे त्या अंगठ्याकडे बघत राहिले. डोळे पुसत म्हणाले, "सोडा गाड्यांची बैलं."

मंगलाष्टकं संपेपर्यंत मामा माझ्या मागं उभे होते. घामानं सदरा भिजला, पण हूं की चूं नाही! असा मामा लाभला म्हणून माझी छाती (होती तेवढी) अभिमानानं फुगली. पुढं त्यांनी बियर खरोखरच सोडली. पोट गेलं, अंगठा बरा झाला, माणूस मात्र होता तेवढाच मोठा राहिला.

पण त्या दिवशी अंतरपाट धरला गेला, तशी आई माझ्या कानाशी लागली. "आरं, अंगात भरावास म्हून तुला म्हैनाभर ज्ये औषध पाजतीया, त्ये ह्येच की रं!"

"आये, गप!"

समोर सासरे कौतुकानं माझ्याकडे बघत होते. त्या सकाळीच माझे दोन पेले झाले होते. त्यामुळे पंचक्रोशीतला तो एकमेव निर्व्यसनी नवरदेव, भटजी शेवटचं 'सावधान' म्हणेपर्यंत, ढेकर दाबत, तोंड घट्ट मिटून उभा राहिला!