दुसऱ्याच्या नावावरचे तास

"पयले हात जोड. मंग बोल."

शेठ खुर्चीत बसले होते. मी समोर उभा. त्यांनी मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला होता, आवाज मोठा करून. शेडमध्ये आणखी तीन व्यापारी चहा पीत होते. बाहेर पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या उघड्या मैदानावर, बाया देठ खुडत होत्या. त्यांचे हात थांबले.

मोबाईलवर शेठचा पुतण्या होता. इंग्लंडात त्याचं किराणा दुकान आहे. इथे दुपार, तिथे सकाळ. त्याच्या मागे, गल्ल्याजवळ, दुकानाचा हिरवा शर्ट घालून माझी मुलगी उभी होती. ती माझ्याकडेच बघत होती.

मी हात जोडले.

माझं वय एकोणपन्नास. नवापूरकडच्या डोंगरातलं आमचं गाव, कोकणी या आदिवासी जमातीचं घर. बारावी झालो, पुढे जमलं नाही. नंदुरबारला याच शेठच्या पथारीवर अकरा वर्षं हजेरी आणि वजन बघत होतो. बाजारात आम्हा डोंगरातल्या माणसांना सरसकट मामा म्हणतात. नातं म्हणून नव्हे. नाव विचारायची गरज वाटत नाही म्हणून. मीही त्या हाकेला अकरा वर्षं ओ देत आलो.

मुलगी सार्वजनिक आरोग्य शिकायला शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेली. शिष्यवृत्तीत फी भागली, राहणं-खाणं पुरेना. शेठ म्हणाले, पुतण्याच्या दुकानात काम आहे, दुकानाच्या वर खोली आहे. "ओळखीचं माणूस आहे, बरं झालं," बायको म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

तिथे शिकणाऱ्या परदेशी मुलांना कॉलेज चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं. त्याच्या वर नाही. वर गेलेलं सापडलं तर शिक्षण तिथेच थांबतं, परत पाठवतात. हा आकडा मी तिच्याकडून तीनदा विचारून घेतला होता. दर रविवारी ती वाराप्रमाणे तास सांगायची आणि मी बेरीज करायचो. साडेअठरा. एकोणीस. वीस. वर कधी गेली नाही.

दिवाळीनंतर ती तास सांगेना. "बरोबर आहे सगळं, बाबा." एवढंच. बोलताना मागे कुणीतरी असायचं. मग तिचा आवाज खाली यायचा. एकदा सहज विचारलं, पासपोर्ट नीट ठेवलायस ना? "दुकानात आहे. भाऊंनी ठेवायला घेतलाय." शेठच्या पुतण्याला ती भाऊ म्हणायची. कशाला, असं विचारेपर्यंत फोन बंद झाला. त्यानंतर दोन रविवार फोनच आला नाही. मी केला तर उचलला नाही.

आणि सोमवारी शेठनी मला शेडमध्ये बोलावलं.

"मामा, तुन्ही पोर भलती शहानी व्हयी गयी. काम सांगं तं नही म्हनस." मग व्यापाऱ्यांकडे वळून, "इंग्लंडनं पानी लागनं तिले."

ते हसले. एकजण बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "शिकाडं ना पोरले? आते भोग."

माझे हात जोडलेलेच होते.

पुतण्या गोड बोलला. "काका, हिला जरा समजवा. सीझन आहे, माणूस मिळत नाही. वीस तास हिच्या नावावर लावतो. वरचे आमच्या मिसेसच्या नावावर. कागदावर सगळं क्लीन. पाच आठवडे केलं की तिने. आता अचानक नाही म्हणते."

"आणि सापडलं तर?" मी विचारलं.

"सांगणार कोण? तिने सांगितलं तर तिचाच व्हिसा जाईल. आमचं काय, दंड भरू."

तो बोलत होता आणि मला ते सगळं ओळखीचं वाटत होतं.

माझे आई-बाप ऊस तोडायला गुजरातेत जायचे. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. कोयता नवऱ्याच्या नावावर. बाप ऊस तोडायचा, आई मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. एका हंगामात बाप तिथेच तापाने गेला. मी नऊ वर्षांचा होतो, आईच्या लुगड्याला धरून मुकादमासमोर उभा होतो. आई म्हणाली, माझ्या कामाचं तरी द्या. मुकादम म्हणाला, "तुझं काम कुठलं? कोयता त्याचा होता." आई तिथून वळली. आयुष्यभर राबली, पण तिच्या नावावर एका दिवसाचं काम कुठे लागलं नाही.

आता दुकान काचेचं होतं आणि बोलणारा गोड होता. फरक तेवढाच.

"बाबा, हात खाली करा."

मुलगी बोलली. मोठ्याने नाही. पुतण्या तिच्याकडे वळून म्हणाला, "तू गप."

मी हात खाली केले.

आमच्या बोलीत मला तिच्याशी बोलता आलं असतं. शेठला त्यातलं काही कळलं नसतं, माझी नोकरी वाचली असती. पण मला ते लपून सांगायचं नव्हतं. मी मराठीत बोललो, शेडमधल्या सगळ्यांना कळेल असं.

"वीसच्या वर एक तास करू नकोस. दुसऱ्याच्या नावावर तर अजिबात नाही. आत्ता पासपोर्ट माग. देत नसेल तर बाहेर पड, कॉलेजात जा आणि सगळं सांग. पाच आठवड्यांचंही सांग. माझी काळजी करू नकोस."

ती पुढे आली. "भाऊ, माझा पासपोर्ट द्या."

पडदा हलला. दुकानाचं छत दिसलं. काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग माणसांचं ओरडणं. मग काहीच नाही.

शेठनी मोबाईल रुमालाने पुसला. चिडले नाहीत. आवाज उलट खाली आला. "मामा, तठे थंडी शे. पोर एकली शे. रस्तावर काय व्हई, कोन सांगी?" थोडं थांबून म्हणाले, "आजपाईन तू येऊ नको."

मी पथारीतून चालत निघालो. देठ खुडणाऱ्या बायांतली एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, फोन लागस का पोरले?" मी लावत होतो. लागत नव्हता. घरी पोचेपर्यंत लागला नाही. बायकोने ताट वाढलं, कुणी जेवलं नाही. ती दाराकडे तोंड करून बसली होती, जणू मुलगी फोनवरून नव्हे, पायवाटेने येणार होती.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. ती वर्गातल्या मैत्रिणीच्या खोलीवर होती. मनगट सुजलं होतं. मैत्रिणीने बोलावलेले पोलीस दुकानात गेले तेव्हा पासपोर्ट मिळाला. कॉलेजात तिने सगळं सांगितलं, स्वतःचे पाच आठवडेही. चौकशी होणार. निकाल कसाही लागू शकतो.

"बाबा, परत पाठवलं तर?"

"तर ये. तू खोटं बोललेली नाहीस."

त्यानंतर मी नंदुरबारलाच दुसऱ्या एका गोदामात काम धरलं. शेठचा माणूस गावात दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा मिठाई घेऊन आला. सोबत टाईप केलेला कागद होता: मुलीनेच हट्टाने जास्त काम मागितलं, तक्रार गैरसमजातून झाली. खाली माझ्या सहीची जागा. सही केली तर माझी हजेरी पुन्हा सुरू, पगारही वाढवून. बायको म्हणाली, "मोठ्याने वाचा." मी वाचलं. तिने मिठाईचा पुडा उचलून त्याच्या गाडीच्या टपावर ठेवला.

दुसऱ्यांदा तो मिठाई न घेता आला. गाडीतून उतरलाही नाही. "पोरीचं लग्न व्हायचंय अजून," म्हणाला. "आणि तू नंदुरबारहून अंधारात मोटारसायकलवर येतोस. घाटाचा रस्ता खराब आहे, मामा."

मी त्याला माझं नाव सांगितलं. म्हणालो, यापुढे या नावाने बोलायचं.

त्याच आठवड्यात माझा जबाब लिहून मी मुलीच्या कॉलेजला पाठवला आणि एक प्रत इथल्या पोलीस ठाण्यात दिली. शेडमध्ये कोण कोण होतं, कोण काय बोललं, रस्त्याबद्दल शेठचा माणूस काय सांगून गेला, सगळं त्यात आहे. खाली माझी सही आहे.

काल संध्याकाळी तीच गाडी गावाच्या फाट्यावर उभी होती. आत चार माणसं होती. मी त्या गाडीच्या बाजूने घरी आलो. आजही कामाला जाईन, आजही येईन. मुलीला तिथे ठेवोत नाहीतर परत पाठवोत, तो जबाब मी मागे घेणार नाही.