बाटलीवरची आबांची खूण

या ग्रुपवर मी तीन वर्षं नुसता वाचतोय. मानत मात्र कशालाच नव्हतो. वीस वर्षं ट्रक चालवला, सगळे घाट पालथे घातले... पांढऱ्या साडीतली बाई मला एकदाही दिसली नाही. दिसली असती तर कुठे सोडू म्हणून विचारलं असतं. तरी आज लिहितोय, कारण गेल्या वर्षी जे झालं ते मी स्वतः भर दुपारी, जेवणाच्या ताटावर बसून पाहिलंय.

घर आमचं पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीच्या काठाला. मागच्या दारातून शंभर पावलं गेलं की बंद पडलेलं मिठागर लागतं. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, जन्मभर तिथे मीठ पिकवलं. आता नुसती तिवरं माजलीत.

माझी मुलगी दर्शना जॉइंट मास्टर्स करते. डिग्री एकच, पण पहिलं वर्ष जर्मनीत, दुसरं फ्रान्समध्ये, आणि सर्टिफिकेटवर दोन्ही युनिव्हर्सिटींचे शिक्के. (हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, काय करू.) विषय मेंब्रेन बायोलॉजी. म्हणजे पेशीभोवती जो पातळ पडदा असतो ना, त्याचा अभ्यास. आत काय घ्यायचं, बाहेर काय ठेवायचं, ते तो पडदा ठरवतो. हे मला तिनं समजावलं आणि मी नाक्यावर चहा पिताना सगळ्यांना समजावतो. हल्ली काही जण मला बघून दुसऱ्या टपरीवर जातात.

तर ही फ्रान्सच्या लॅबमध्ये त्या पडद्याचे बारीक फुगे बनवायची. मायक्रोस्कोपखालीच दिसणारे. फुगे टिकले तर पुढचं काम... आणि ते टिकेनात. बनवले की फुटायचे. दोन महिने हेच चाललं होतं. शेवटी तिच्या मॅडमनी सांगितलं — शुक्रवारी दोन्हीकडचे प्रोफेसर ऑनलाइन बसणार, तोवर फुगे टिकले नाहीत तर हा विषय बंद, दुसरा काहीतरी घे.

बुधवारी दुपारी साडेबाराला तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे नऊ. मी बोंबलाचं कालवण भातावर घेत होतो. लॅबमध्ये ती एकटीच, डोळे सुजलेले.

"पप्पा, मी परत येते," म्हणाली. "मला नाय जमत. इथल्या पोरांचे आईबाप शिकलेले. आपलं काय?"

घास ताटात ठेवून मी समजूत काढायला लागलो, तर मागून तिची आई म्हणते, "ती जेवली का ते इचार आदी."

दर्शना रडता रडता हसली. फोन टेबलावर उभा करून तिनं डोळे पुसले आणि तेवढ्यात मला तिच्या मागच्या शेल्फवरची मोठी काचेची बाटली दिसली. तिच्यावर पांढरं काहीतरी उमटलं होतं.

"दर्शू, त्या बाटलीवर काय हाय?"

"मीठ असेल. पाणी सांडून वाळलंय."

"जवळ आन बघू."

तिनं आणली. एक गोल. गोलाच्या आत तीन टिंबं, बाहेर एक. आणि खाली डावीकडे घसटत गेलेली वाकडी शेपटी. मी डाव्या हातानं स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मिठागरात पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत आटवतात. मधल्या फळीच्या दाराला आम्ही उघाडी म्हणतो. आबांना लिहितावाचता येत नव्हतं. ते दोन्हीकडचं पाणी चाखायचे आणि चिखलाच्या बोटानं फळीवर खूण काढायचे. आत तीन टिंबं, बाहेर एक, म्हणजे आतलं पाणी कडक, आटून खारं झालेलं, बाहेरचं कच्चं, कमी खारं, उघडू नको. त्यांचं एक बोट फावड्याखाली येऊन वाकडं झालेलं, ते उचलताना घसटायचं, म्हणून ती शेपटी. अशी खूण दुसऱ्या कुणाची नव्हती.

आता लपवत नाही. एकोणीस वर्षांचा असताना, पालखीला जायच्या घाईत, मी ती खूण दिसत असूनही उघाडी उघडली. कच्चं पाणी आत शिरलं आणि काढणीला आलेलं मीठ विरघळून गेलं. आबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दोनी बाजूचा पानी चाखल्याबिगर उघाडीला हात लावायचा नाय." त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी मला उघाडीला शिवू दिलं नाही. ते गेले तेव्हा दर्शना जन्मलीही नव्हती. ही गोष्ट मी घरात कुणालाच सांगितली नव्हती, ना खुणेची ना माझ्या चुकीची. लाज वाटायची.

"पप्पा, काय झालं?"

"या बाटलीत काय हाय?"

"फुगे ज्यात ठेवतो ते, फुग्यांच्या बाहेरचं मिठाचं पाणी. अख्खी लॅब हेच वापरते."

"आणि आतला?"

"ते मी रोज बनवते, रोज मोजते."

"बाहेरचा कवा मोजलास?"

"लेबल आहे ना त्यावर."

"चाख."

"पप्पा, लॅबमध्ये चाखत नाहीत."

"मग तुमचा काय यंत्र असंल त्यात घाल. पन दोनी बाजूचा पानी..." आबांचंच वाक्य तोंडातून आलं.

अर्ध्या तासानं मेसेज आला. बाहेरचं पाणी लेबलवर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीचं होतं. कुणीतरी चुकीचं कालवून ठेवलं होतं. कच्चं पाणी फुग्यांच्या आत शिरत होतं आणि फुगे फुगून फुटत होते. हिनं नवीन पाणी बनवलं. त्या रात्री मी तिला आबांची खूण आणि माझी चूक, सगळं सांगून टाकलं. गुरुवारी फुगे टिकले. शुक्रवारी मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, बाहेरचं तपासायचं सुचलं कसं? ही म्हणाली, "माझे आजोबा मीठ पिकवायचे." हे मला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी ट्रक बाजूला घेऊन रडलो.

तुम्ही म्हणाल, तिनंच गिरगटलं असेल, ही पोरं दिवसभर असलेच गोल काढतात. मीही मनाला तेच सांगत होतो. पण तिथे हातमोज्यांशिवाय कुणी कशाला हात लावत नाही आणि त्या खुणेत उघड्या बोटाच्या रेषा उमटल्या होत्या. शिवाय ती शेपटी?

दिवाळीत ती घरी आली. आम्ही दोघं बांधावर उभे होतो. तिनं विचारलं, "पप्पा, उघडायची खूण कशी होती?"

"तशी खूणच नव्हती. पानी तयार झाला की आबा पहिली खूण तळव्यानं पुसून टाकायचे. पुसलेली दिसली की उघडायचं."

तेव्हा तिनं सांगितलं... मॅडमना दाखवायला म्हणून ती बाटली तिनं कपाटात कुलूप लावून ठेवली होती. चावी तिच्याकडेच. शुक्रवारी मीटिंगच्या आधी कपाट उघडलं तर काच साफ. फक्त तळव्याएवढा एक पुसट फराटा. तिला वाटलं, मीठ झडलं असेल.

बुधवारचा स्क्रीनशॉट माझ्या फोनमध्ये आहे. माझ्यासाठी आबांनी पुन्हा कधी खूण पुसली नाही. नातीसाठी पुसली, तीही फ्रान्सला जाऊन. जन्मात पेणच्या पुढे गेला नव्हता तो माणूस.